पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड

माझी नात रॉक बँडमध्ये गाते. तोंडानं हे मी आमच्या नागपुरात सक्करदऱ्यातल्या न्हाव्यापासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत सगळ्यांना सांगितलं आहे, लिहून मात्र पहिल्यांदा काढतो आहे. रॉक म्हणजे नेमकं काय ते मला विचारू नका. मी चौथी शिकलेला माणूस. पण आवाजातलं मला कळते. चाळीस वर्षं मी लग्नात, बारशात, गणपतीत भोंगे लावले आणि रेकॉर्डी वाजवल्या. वरात दारात आली की कोणती रेकॉर्ड, नवरी निघाली की कोणती, पंगत उठायला उशीर करत असेल तर कोणती, हे मला कोणी सांगावं लागत नसे. मग कॅसेट आली, मग ते डीजे आले, आणि माझे भोंगे मागच्या खोलीत उपडे पडले.

त्याच खोलीत आता हे चौघं सराव करतात. नात गाते आणि गाणी तीच लिहिते. एक जण गिटार वाजवतो, त्याच्या बापाचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. एक जण जाड तारांची गिटार वाजवतो आणि दिवसभरात दोन शब्द बोलतो. आणि एक ड्रमवाला. सुरुवातीला मी म्हटलं होतं की माझ्या भोंग्यांनी अख्ख्या मोहल्ल्याची झोप मोडली, पण माझी कधी मोडली नाही, ती या पोट्ट्यांनी मोडली. नात म्हणाली, आबाजी, दुपारी चारला कोण झोपते?

तीन वर्षं वाजवल्यावर त्यांनी ठरवलं की आपली पहिली रेकॉर्ड काढायची. मोबाइलवरची नाही. खरीखुरी, मोठी, काळी, सुईवर वाजणारी. मी विचारलं, काहून? आता तर सगळं त्या मोबाइलमध्ये फुकट मिळते. तिनं सांगितलं की मोबाइलवर कोणी पुरं गाणं ऐकतच नाही, अर्ध्यात बोट फिरवून पुढं जाते. रेकॉर्डचं तसं नाही. एकदा सुई टेकली की उठून बंद करायचा कंटाळा येते, म्हणून माणूस मुकाट्यानं सगळं ऐकते. हे उत्तर मला पटलं. माझा अर्धा धंदा लोकांच्या त्याच कंटाळ्यावर चालला होता.

गंमत अशी की रेकॉर्ड काढायला निघालेल्या या चौघांपैकी एकाकडेही रेकॉर्ड वाजवायचं स्वतःचं मशीन नव्हतं. मशीन होतं फक्त माझ्याकडे. दिवाळीच्या आधी मी ते खाली काढलं, पट्टा बदलला, तेल दिलं. गिटारवाल्यानं कुठूनतरी नवी सुई मागवून दिली. त्या दिवसापासून माझा मान वाढला. पोट्टे येता-जाता विचारू लागले, आबाजी, हे कसं, आबाजी, ते कसं. मी खुर्ची पुढं ओढून बसू लागलो.

रेकॉर्ड छापायची एक रीत आहे, ती आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कारखाना आधी नमुन्याच्या दोन-चार रेकॉर्डी काढते. त्यांच्यावर नाव नसते, चित्र नसते, मधलं लेबल कोरं पांढरं असते. तो नमुना ऐकून बँडनं हो म्हटलं की बाकीच्या छापतात. हो म्हटल्यावर मग रडायचं नाही. आणि नाही म्हटलं तर कारखाना नवी प्लेट, म्हणजे छापायचा साचा, बनवते, आणि तुमचा नंबर रांगेत मागं जाते. किती मागं, ते कोणी सांगत नाही.

आता यांचा ड्रमवाला वर्षाच्या शेवटी बाहेरदेशी चालला होता. नोकरी लागली होती, तिकीट निघालं होतं. त्याच्या आधी हॉल घेऊन, रेकॉर्ड लोकांच्या हातात देऊन, चौघांनी मिळून ती सगळी गाणी वाजवायची असं ठरलं होतं. नमुना वेळेत पास झाला तर हे जमणार होतं. नाही झाला तर रेकॉर्ड आली असती, पण वाजवायला चौघं एका जागी उभे राहिले नसते. मी म्हटलं, मग तिघं वाजवा. नात म्हणाली, ''पहिली रेकॉर्ड एकदाच होते न, आबाजी.''

नमुना आला तेव्हा घरी मी एकटा होतो. नात बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात कामाला आहे, धाग्याची तपासणी करते. तिथं मोबाइल गेटवरच ठेवून घेतात. सकाळी जाताना ती मला सांगून गेली होती की कुरिअर आलं तर उघडून पाहा, फुटलं-वाकलं तर नाही न. आत दोन रेकॉर्डी होत्या. एक पुण्याला पाठवायची होती, जिथं त्यांनी गाणी भरली त्या रेकॉर्डिंगवाल्याला. ती दुपारी गिटारवाला येऊन घेऊन गेला. दुसरी माझ्यापाशी राहिली.

किती वर्षांनी नवी रेकॉर्ड हातात घेतली. कडेला बोटं लावून, मधे अंगठा न टेकवता, जशी धरायची तशी धरली. खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपी केली. रेकॉर्ड वाचता येते हे लोकांना माहीत नसते. जिथं आवाज मोठा तिथं खाचा जाड आणि चमकदार दिसतात, जिथं हळू तिथं काळ्याभोर, गुळगुळीत. मी पाहिलं, या बाजूला चार गाणी, तीन दणक्याची आणि चौथं, लेबलजवळचं, हळू. न वाजवता मला एवढं कळलं, आणि मला माझाच अभिमान वाटला.

फक्त ते पांढरं लेबल मला पाहवेना. ना नाव, ना गाव. माझे उस्ताद इतवारीत होते, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो. त्यांच्याकडे नवी रेकॉर्ड आली की कोणाच्या लग्नात जायच्या आधी तिची पूजा व्हायची. लेबलावर ओल्या कुंकवाचं एक बोट, मशीनपुढं गुळाचा खडा, मग सुई टेकवायची. पूजा न करता वाजवलेली रेकॉर्ड मांडवात अडकते, असं ते म्हणत. मी चाळीस वर्षं हे पाळलं. मग माझ्याच नातीच्या पहिल्या रेकॉर्डीला काहून सोडणार?

देवघरातली कुंकवाची डबी आणली. आमची म्हातारी शेजारी गेली होती. पाणी आणायला पुन्हा कोण उठते, म्हणून कोरडंच चिमटीत घेतलं. आणि इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी मी घरात कबूल करत नाही. माझा उजवा हात आता थरथरतो. चहाचा कप मी म्हणूनच दोन्ही हातांनी धरतो आणि म्हणतो की थंडी आहे. लेबलावर बोट टेकवलं तर टिळा व्हायच्या ऐवजी कुंकू सांडलं. मी फुंकर मारली. ते उडून खाचांवर पसरलं. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं गोल गोल पुसून घेतलं. काळ्या रेकॉर्डवर लाल काही दिसेना, लेबलावर नुसती गुलाबी छटा राहिली. गुळाचा खडा ठेवला, नमस्कार केला, रेकॉर्ड पाकिटात घालून कपाटात ठेवली. हे कोणाला सांगावं असं वाटलंच नाही. देवाला हात जोडले तर माणूस सांगत फिरते का?

रविवारी सकाळी बाकीचे तिघं आले. म्हातारीनं आलुबोंडे तळले होते. मी आधीच ताकीद दिली की तेलकट हातानं रेकॉर्डजवळ कोणी यायचं नाही, साबणानं हात धुवा. गिटारवाल्याचे केस पाठीवर येतात, त्याला म्हटलं, तू तर दूरच बस, तुझा केस सुईत गेला तर गाणं त्यावरच घसरन. तो हसला. त्याला मी रोजच बोलतो आणि तो रोजच हसतो, म्हणून मला तो आवडते, पण हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

पाकिटातून काढताना नातीनं लेबल पाहिलं, पण खोलीत उजेड कमी होता आणि तिचं चित्त वाजण्याकडे होतं. मी सुई टेकवली. पहिली तीन गाणी अशी वाजली की कपाटाच्या काचा थरथरल्या. ड्रमवाला डोळे मिटून मांडीवर बोटं मारत होता. कमी बोलणारा तो पोट्टा उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. रडत होता असं मला वाटते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मग चौथं गाणं आलं. ते नातीनं तिच्या कापडाच्या कारखान्याच्या बसवर लिहिलं आहे. पाळी संपवून परतणाऱ्या बाया खिडकीला डोकं टेकवून झोपतात आणि त्यांचा स्टॉप आला की आपोआप जाग्या होतात, एवढंच त्यात आहे. नुसता तिचा आवाज आणि एक गिटार. दोन ओळी नीट गेल्या आणि तडतड सुरू झाली. कढईत मोहरी टाकल्यासारखी. आधी थोडी, मग जास्त. शेवटच्या कडव्याला तर तिचा आवाज त्या मोहरीच्या मागूनच येत होता.

सुई उचलली. नात हळूच म्हणाली, ''आबाजी, सुई एकदा पाहता का? सुईत तर काही नाही न?''

एवढंच विचारलं होतं तिनं. आणि मला लागलं. त्या तिघांसमोर तिनं माझ्या मशीनवर बोट ठेवलं असं वाटलं. मी म्हटलं, ''तुह्या आजीचं लग्न लागलं तेव्हापासून सुया बदलून राहिलो मी. मले सुई शिकवते का तू?'' ती म्हणाली, तसं नाही, एकदा पाहून घ्या फक्त. मी म्हटलं, पाहायचं काही काम नाही. तीन गाण्यांत सुई चांगली होती आणि चौथ्यातच खराब झाली का? बुद्धी गहाण ठेवली का?

मग मी निकाल दिला. निकाल द्यायची मला सवय आहे. छापतानाच दोष आहे, प्लेटीत खोट आहे, आतल्या खाचा कच्च्या आल्या. कारखान्यानं काम नासवलं. परत पाठवा.

गिटारवाला म्हणाला की पुण्यावाल्यानं अजून ऐकली नाही, त्याचं येऊ द्या. मी म्हटलं, त्याचं मशीन महागडं असन, ते दोष लपवते, माझं मशीन खरं बोलते. ड्रमवाल्यानं मोबाइलवर तारखा पाहिल्या आणि मोबाइल खिशात ठेवून दिला. नात खाली पाहत गिटारवाल्याला म्हणाली, ठीक आहे, नाही म्हणून कळवून टाक. संध्याकाळी मेल गेला. त्या दिवशी तिनं आलुबोंड्याला हात लावला नाही. मला वाटलं, कारखान्याचा राग आला असन.

सोमवारी सकाळी नात कामावर गेली आणि आमची म्हातारी धुणं घेऊन बसली. तिनं आतून विचारलं, दुपट्ट्याला हे लाल काय लागलं? मी म्हटलं, पान खाल्लं असन. ती दुपट्टा घेऊन बाहेरच आली. तिनं तो नाकाशी नेला, बोटानं चोळला, आणि म्हणाली, ''पान सोडून बारा वर्षं झाली तुम्हाले. हे कुंकू आहे.''

मी उठलो. मशीनपाशी गेलो, भिंग घेतलं, सुई पाहिली. सुईच्या टोकाला मुगाच्या दाण्याहून बारीक एक लाल गोळा चिकटला होता. रेकॉर्ड काढून उन्हात तिरपी धरली. लेबलजवळच्या खाचांत, त्या हळू गाण्यावर, लाल रेघा. दुपट्ट्यानं पुसून मी ते कुंकू काढलं नव्हतं, आत भरलं होतं. पांढरं लेबल मधोमध, त्याच्या शेजारी चौथं गाणं. दुसरीकडे कुठं जाणार होतं ते?

म्हातारी दारात उभी राहून सगळं पाहत होती. तिला सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं होतं. म्हणाली, तुम्ही सांगता का मी सांगू?

खोटं कशाला लिहू, माझ्या मनात आलं होतं की रेकॉर्ड गुपचूप धुऊन ठेवावी. मग म्हणावं की पुन्हा लावून पाहिली तर नीट वाजली, मशीन गरम झालं की होते असं कधीकधी. माझं नाव राहिलं असतं. पण मला सारखा तो दुसरा माणूस दिसू लागला. कारखान्यात कोणीतरी असन न, मशीनवर उभा राहून ती रेकॉर्ड काढणारा. त्याला आज सकाळी कोणी सांगितलं असन की नागपूरहून तक्रार आली, तुझं काम खराब आहे. तो बिचारा आपली प्लेट उलटीपालटी करून दोष शोधत असन, आणि दोष तिथं नाहीच. मला हे माहीत आहे. एका लग्नात नवरदेवाच्या मावसभावानं पायानं वायर ओढली आणि ऐन वरातीत भोंगे बंद पडले. सगळ्या वऱ्हाडानं मला शिव्या दिल्या. मी सांगत राहिलो, कोणी ऐकलं नाही. त्या माणसाचं तोंड मला आजही आठवते, तो वायर ओढणारा, मुकाट उभा होता. आज त्याच्या जागी मी होतो.

कपडे बदलले आणि इतवारीला गेलो. ई-रिक्षावाल्यानं भांडेगल्लीच्या तोंडाशीच सोडलं, पुढं हातगाड्यांनी रस्ता अडला होता. दुकानात गिटारवाला शिडीवर चढून वरचे गंज, म्हणजे मोठी पातेली, खाली देत होता, केस बांधलेले, बनियन घातलेली. दोन बाया गंज ठोकून पाहत होत्या. त्याचे वडील गादीवर बसले होते. त्यांनी काकाजी, या, म्हणून जागा करून दिली आणि चहा सांगितला. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा उठायला हिंमत झाली नसती.

उभ्या उभ्याच सांगितलं. पूजा, कुंकू, फुंकर, दुपट्टा, सगळं. हाताचंही सांगितलं, तेवढं सांगायचं नव्हतं पण तोंडातून निघून गेलं. म्हटलं, ''कारखान्याची काही चूक नाही. माह्या हातानं झालं, आणि वरून मीच त्याले दोष देला.''

त्याचे वडील हसू लागले. गिऱ्हाईक बायांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. पोट्टा हसला नाही. शिडीवरून खाली आला, हात पुसले आणि मोबाइल काढून दाखवला. कारखान्याचं उत्तर सकाळीच आलं होतं. प्लेट तपासतो, तोवर तुमचं काम बाजूला ठेवलं आहे, नंबर अजून मागं टाकला नाही, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, मग लिही आताच, चालू करा म्हणून. तो थांबला. म्हणाला, ''मी लिहून टाकतो आबाजी, पण तुम्ही तिले आधी सांगा. गाणं तिचं आहे.''

फोन लावून देऊ का, गेटवरून निरोप जाते, असंही म्हणाला. मी नको म्हटलं. हे फोनवर सांगायचं नव्हतं. निघताना त्याच्या वडिलांनी चहाचा ग्लास हातात दिला. दोन्ही हातांनी धरून प्यालो, आणि त्या दिवशी थंडीचं नाव सांगितलं नाही.

तिच्या कारखान्याची बस संध्याकाळी तिला आमच्या चौकात सोडते. मी अर्धा तास आधीच जाऊन उभा राहिलो. ती उतरली, मला पाहून घाबरली, आजीले काही झालं का, विचारलं. म्हटलं, आजी धडधाकट आहे. तलावाकडच्या रस्त्यानं चालत चालत सगळं सांगितलं. ती ऐकत होती, बॅगेचा पट्टा हातात घट्ट धरून. मला वाटलं होतं ती कुंकवावरून हसन किंवा रागावन. ती म्हणाली, ''कुंकवाचं काही नाही, आबाजी. मी तुम्हाले फक्त सुई पाहा म्हटलं होतं.''

मी भेळेच्या एका गाडीपाशी थांबलो, तीही थांबली.

''एकदा पाहिली असती तर तिथंच दिसलं असतं. तुम्ही मले त्या तिघांसमोर मूर्ख ठरवलं. आणि मी मानलं. रात्रभर विचार करत होती का माझाच आवाज खराब भरला गेला असन म्हणून.''

हे मला माहीत नव्हतं. मी रेकॉर्डचा विचार केला होता, कारखान्यातल्या माणसाचा केला होता, ड्रमवाल्याच्या तिकिटाचाही केला होता. तिचा केला नव्हता. ती लहान होती तेव्हापासून आवाजाच्या बाबतीत मी जे म्हणीन ते तिला खरं वाटते, हे मला ठाऊक असून मी तसं बोललो होतो.

माझ्या तोंडून चुकलो हा शब्द फार कमी निघाला आहे. आमच्या म्हातारीला विचारा, ती म्हणन, निघालाच नाही. त्या रस्त्यावर, भेळेच्या गाडीच्या आडून, मी म्हटलं, ''चुकलो वं माय मी. तुह्या आवाजात काही खोट नव्हती. माह्या अकडीत होती.''

ती चालू लागली. चार पावलं गेल्यावर म्हणाली, कुंकू निघते का पण त्यातून? मी म्हटलं, पाहू. ती म्हणाली, मग पाय उचला.

घरी येऊन रिठे भिजवले. साध्या साबणाचा थर राहते, रिठ्याचा राहत नाही, हे उस्तादांचं. तिनं तिचा तोंडाला पावडर लावायचा मऊ ब्रश आणून दिला, नवा होता. मी लेबलावर प्लास्टिक धरून ठेवलं आणि तिनं खाचांच्या दिशेनं, गोल, हळू हळू धुतलं. आडवं घासायचं नाही, हे मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा गप्प बसलो. पाणी गुलाबी झालं. मग साध्या पाण्यानं, मग पुन्हा. ताटाळ्यात ताटं ठेवतो तशी उभी करून पंख्याखाली वाळवली. तोवर मी सुई साफ केली, तिच्या समोर, भिंग तिच्या हातात देऊन.

सुई सरळ चौथ्या गाण्यावर टेकवली. म्हातारीनं टीव्ही बंद केला. बस सुटली, बाया झोपल्या, एकेकीचा स्टॉप आला. एक तडतड नाही. मधे एकदा नातीनं गाताना श्वास घेतलेला ऐकू आला, आणि माझ्या मनात आलं की कारखान्यातल्या त्या माणसानं हे केवढं नेमकं छापलं आहे. गाणं संपल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, शेवटचं कडवं थोडं लांबलं. ती म्हणाली, ते मुद्दाम आहे. मी म्हटलं, असन.

रेकॉर्ड उलटून दुसरी बाजूही ऐकली, तीही स्वच्छ निघाली. मग तिनं गिटारवाल्याला फोन केला आणि कारखान्याला मीच लिहिते असं सांगितलं. पाटावर मोबाइल ठेवून लिहू लागली. इंग्रजीत. लवकरच झालं. मी विचारलं, काय लिहिलं? तिनं वाचून सांगितलं, की पुन्हा ऐकली, रेकॉर्ड बरोबर आहे, पसंत आहे, कृपा करून छपाई सुरू करा.

''आणि माझं?''

''तुमचं कशाले लिहू? गैरसमज झाला असं लिहिलं आहे.''

मी म्हटलं, गैरसमज कोणाचा ते त्याला कसं कळन? त्याला वाटन आपलंच काहीतरी होतं, यांनी सांभाळून घेतलं. तसं नको. लिही. ती म्हणाली, आबाजी, ते लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे. ज्यानं मशीनवर उभं राहून काढली त्याला सांगा म्हणून लिही.

मग तिनं लिहिलेलं अर्धं पुसलं आणि म्हणाली, सांगा, तुम्ही सांगता तसंच लिहिते.

मी खुर्ची पुढं ओढली. सांगितलं की लिही, तुमच्या कामात दोष नव्हता. गाणाऱ्या पोरीच्या आजोबानं रेकॉर्डीला कुंकू लावलं, ते खाचांत गेलं, आणि आपली चूक न पाहता त्यानं तुम्हाला नाव ठेवलं. रेकॉर्ड आता धुतली आहे. छपाई फार स्वच्छ आहे. आजोबानं या धंद्यात चाळीस वर्षं काढली, म्हणून त्याचं म्हणणं धरावं.

तिनं एकेक ओळ इंग्रजीत केली, मधेच थांबून कुंकवाला काय लिहावं म्हणून विचार केला आणि कुंकूच लिहिलं. शेवटच्या ओळीपाशी तिचं बोट थांबलं. म्हणाली, ही चाळीस वर्षांची ओळ पाहिजेच का?

मी म्हटलं, ती पाहिजे.

तिनं ती लिहिली आणि पाठवून दिलं.